क्लाउड डेटाबेस आणि मोबाईल ॲप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाईल ॲपच्या मागे क्लाउडमधला डेटाबेस उभा करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची ही उत्तरं. थोडंफार एसक्यूएल आणि एखादं ॲप बनवण्याचा अनुभव गृहीत धरला आहे. एक भूमिका आधीच सांगून ठेवतो. नेट जाणं हा अपवाद धरून आराखडा काढला, की पुढे सगळीकडे ठिगळं लावत बसावं लागतं. नेट जाणारच असं धरून सुरुवात केली, तर खालचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

क्लाउड डेटाबेस म्हणजे भाड्याच्या मशीनवर बसवलेला नेहमीचाच डेटाबेस, की काही वेगळं?

दोन्ही. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे भाड्याचं आभासी मशीन घेऊन त्यावर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल स्वतः बसवणं. इथे क्लाउड फक्त जागा देतो, बाकीची सगळी उस्तवार तुमची. दुसरा प्रकार व्यवस्थापित सेवेचा. ॲमेझॉनची आरडीएस २००९ साली आली ती या प्रकारची. डेटाबेस नेहमीचाच, पण बॅकअप, पॅच, मशीन बिघडलं तर जोडीच्या मशीनवर जाणं ही कामं सेवा बघते.

तिसरा प्रकार मात्र आतूनच वेगळा आहे. त्यात क्वेरी चालवणारी मशीन आणि साठवण यांची फारकत केलेली असते. जमाखर्चाच्या वह्या आठवा. व्यवहार आधी कीर्दीत क्रमाने लिहिला जातो, मग खतावणीत खात्याखात्यावर चढतो. डेटाबेसही तेच करतो. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग सवडीने टेबलांची पानं बदलतो. कीर्द शाबूत असली की खतावणी केव्हाही पुन्हा मांडता येते. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ॲमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसने नेमकं हेच पकडलं. तिथे डेटाबेस चालवणारं मशीन साठवणीकडे फक्त लॉग पाठवतं, पानं तयार करायचं काम साठवण स्वतः करते. प्रत्येक तुकड्याच्या सहा प्रती तीन वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग डेटा सेंटरांत, ठेवलेल्या असतात आणि सहापैकी चार प्रतींकडून पोच आली की लेखन पक्कं. एक अख्खा झोन अंधारात गेला तरी चार प्रती उरतात, म्हणजे लेखन थांबत नाही.

या फारकतीचा ॲपला फायदा काय?

वाचणाऱ्यांची गर्दी वाढली तर नवं मशीन काही मिनिटांत जोडता येतं, कारण डेटाची वेगळी प्रत काढावी लागत नाही. कोणी वापरत नसेल तेव्हा मशीन बंदही ठेवता येतं. फक्त एक लक्षात ठेवा. झोपलेलं मशीन उठायला वेळ घेतं, आणि नेमकी पहिली विनंती फोनवरून आली तर ॲपची प्रतीक्षेची मर्यादा आधी संपते. वापरकर्त्याला दिसतं फक्त ‘काहीतरी चुकलं’. चाचणीच्या डेटाबेसला हे चालतं. खऱ्या वापराच्या डेटाबेसला मी ही सोय देत नाही.

ॲपमधून थेट डेटाबेसला कनेक्ट केलं तर काय बिघडतं? मधला सर्व्हर वाचेल ना?

पहिली गोष्ट, पासवर्ड. ॲपमध्ये ठेवलेली कोणतीही गोष्ट गुपित राहत नाही. फाइल उलगडून आतले मजकूर वाचणारी साधनं कोणालाही मिळतात. तो पासवर्ड एकदा बाहेर गेला की बदलायचा कसा, कारण तो हजारो फोनवर बसलेला असतो.

दुसरी, कनेक्शनं. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो आणि मूळ सेटिंगमध्ये एकूण मर्यादा १०० ची असते. फोन तर हजारोंनी येतात, आणि निरोप न घेता जातात. लिफ्टमध्ये शिरलेल्या फोनने कनेक्शन बंद केलंय हे सर्व्हरला कळतच नाही. त्याच्या लेखी ते बराच वेळ उघडंच असतं. म्हणून मध्ये ॲपच्या विनंत्या घेणारा एपीआय सर्व्हर लागतो आणि त्याच्या नि डेटाबेसच्या मध्ये पीजीबाउन्सरसारखा कनेक्शन पूल, म्हणजे मोजकी उघडी कनेक्शनं आलटून पालटून वापरायला देणारा थर. शंभरेक खऱ्या कनेक्शनांवर हजारो विनंत्या सुखाने जातात, कारण प्रत्येक विनंतीला कनेक्शन लागतं ते काही मिलिसेकंदांपुरतंच.

तिसरी गोष्ट नजरेतून सहज सुटते. ॲपला टेबलांची नावं माहीत असली की ती टेबलं तुम्हाला पुन्हा कधी बदलता येत नाहीत. जुनं ॲप वापरणारा कोणीतरी असतोच.

मग गुगलच्या फायरबेससारख्या सेवांमध्ये फोन थेट डेटाबेसशी बोलतो तो कसा?

तो थेट बोलतो असं वाटतं इतकंच. मध्ये सेवेचा स्वतःचा थर असतो आणि तुमच्या एपीआय सर्व्हरच्या जागी सुरक्षा नियम उभे असतात. कोणती नोंद कोणी वाचायची, कोणी लिहायची हे त्या नियमांत मांडायचं. फायरबेसच्या, २०१७ मध्ये आलेल्या फायरस्टोअर डेटाबेसमध्ये ही पद्धत आहे. पोस्टग्रेसच्या बाजूने बघायचं तर ९.५ आवृत्तीपासून ओळीच्या पातळीवरची सुरक्षा आहे आणि सुपाबेससारख्या सेवा तिच्यावरच उभ्या आहेत.

पद्धत वाईट नाही, पण गफलत कुठे होते ते सांगतो. सुरुवातीला ‘चाचणी मोड’ म्हणून सगळं उघडं ठेवलं जातं आणि ॲप प्रकाशित होतं तरी ते तसंच राहतं. दुसरी गफलत नियमांच्या समजेची आहे. फायरस्टोअरचे नियम चाळणी लावत नाहीत. ‘सगळ्या नोंदी दे’ अशी क्वेरी केली आणि त्यातली एकही नोंद तुमच्या हक्काबाहेरची येऊ शकत असेल, तर तुमच्यापुरत्या नोंदी गाळून मिळत नाहीत, अख्खी क्वेरी नाकारली जाते. क्वेरीतच ‘माझ्याच नोंदी’ अशी अट घालावी लागते. पोस्टग्रेस याच्या उलट वागतो. हक्काबाहेरच्या ओळी तो गुपचूप गाळतो. एकाची सवय घेऊन दुसरीकडे गेलात की अर्धा दिवस गेलाच समजा.

माझं मत विचाराल तर, नियम पानभरात मावतात तोवर ही पद्धत झकास. ‘व्यवस्थापकाने मंजूर केल्यावरच, पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी नाही’ असल्या अटी सुरू झाल्या की स्वतःचा सर्व्हर लिहा.

सर्व्हर चांगला दणकट आहे, तरी ॲप ढिम्म का वाटतं?

कारण वेळ सर्व्हरवर जात नाही, फेऱ्यांत जातो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर सरळ रेषेतली जाऊन-येऊन एक फेरी १०० मिलिसेकंदांची. याहून कमी कोणालाच करता येत नाही, आणि खऱ्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. आता नवं कनेक्शन उघडायचं म्हणजे जोडणी जुळवणाऱ्या टीसीपीची एक फेरी, कूटबद्धता ठरवणाऱ्या टीएलएस १.२ च्या दोन, आणि मग विनंतीची एक. पहिलं अक्षर पडद्यावर येईपर्यंत ४०० मिलिसेकंद गेले. त्यात फोनचा रेडिओ झोपलेला असेल तर त्याला जागं करण्याचा वेळ वेगळा.

२०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ ने यातली एक फेरी वाचवली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक (QUIC) या प्रोटोकॉलने जोडणी आणि कूटबद्धता एकाच फेरीत बसवली. शिवाय कनेक्शनला स्वतःचा ओळखक्रमांक दिला, त्यामुळे फोन वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेला तरी ते टिकू शकतं. हे सगळं चालू करून घ्या, फुकट आहे.

पण बहुतेक ॲपमध्ये खरा दोष वेगळाच सापडतो. यादीची एक विनंती, मग यादीतल्या प्रत्येक नोंदीच्या तपशिलासाठी एकेक वेगळी विनंती. वीस नोंदी, एकवीस फेऱ्या. विकसकाच्या टेबलावर सर्व्हर शेजारीच असतो म्हणून तिथे हे जाणवत नाही. एका पडद्याला लागेल तेवढा सगळा डेटा एका विनंतीत देणारी एपीआय लिहा. आणि त्याहून बरं म्हणजे पडदा नेटवर अवलंबूनच ठेवू नका. तो पुढचा प्रश्न.

नेट नसताना ॲप चालायला हवं असेल तर रचना कशी असते?

पडद्याने फक्त फोनमधल्या डेटाबेसशी बोलायचं, हा पाया. हा डेटाबेस बहुधा एसक्यूलाइट असतो. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये आधीपासूनच आहे. नेटशी बोलणारा भाग वेगळा ठेवायचा. तो मागे आपल्या गतीने डेटा आणतो आणि नेतो. पडद्याला त्याची वाट बघावी लागत नाही.

एक लेखन जवळून बघू. पाहणी करणारा माणूस इमारतीच्या तळघरात आहे, रेंज शून्य. तो फॉर्म भरून ‘जतन’ दाबतो. ॲप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन टेबलांत लिहितं. ‘पाहणी’ टेबलात ती नोंद, आणि ‘पाठवायचं’ टेबलात एक ओळ, म्हणजे कोणती क्रिया, कोणत्या नोंदीवर, काय बदल, क्रियेचा स्वतःचा क्रमांक. दोन्ही लेखनं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असणं इथे निर्णायक आहे. मधेच बॅटरी संपली तर एकतर दोन्ही असतील किंवा दोन्ही नसतील. नोंद दिसतेय पण कधीच पाठवली जाणार नाही, अशी लटकलेली अवस्था येत नाही. माणूस वर येतो, रेंज येते, मागचा भाग ‘पाठवायचं’ टेबल क्रमाने वाचतो, एकेक क्रिया सर्व्हरला देतो, पोच आली की ती ओळ पुसतो.

नोंदीचा क्रमांक फोननेच द्यायचा, सर्व्हरची वाट बघायची नाही. यूयूआयडी, म्हणजे कोणालाही न विचारता काढता येणारे लांबलचक अनन्य क्रमांक, त्यासाठीच आहेत. चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात, दोन फोननी एकच क्रमांक काढण्याची भीती बाळगायचं कारण नाही. सातवा प्रकार २०२४ मध्ये प्रमाणित झाला, त्यात सुरुवातीला वेळ असते. त्यामुळे नव्या नोंदी इंडेक्समध्ये शेजारी शेजारी पडतात आणि सर्व्हरचा इंडेक्स विस्कटत नाही. नवं काही सुरू करत असाल तर सातवाच घ्या.

कधीकधी एकच नोंद दोनदा का जाते?

विनंती पोहोचली, सर्व्हरने नोंद केली, पण पोच परत येताना नेट गेलं. फोनच्या दृष्टीने काम अपुरं, म्हणून तो पुन्हा पाठवतो. विनंती जाताना हरवली की उत्तर येताना, हे फोनला कधीच ओळखता येत नाही. म्हणून पुन्हा पाठवणं बरोबरच आहे. ते निरुपद्रवी करणं सर्व्हरचं काम. वर म्हटलेला क्रियेचा क्रमांक इथे कामी येतो. सर्व्हर तो क्रमांक अनन्यतेच्या अटीसह एका टेबलात ठेवतो, आणि तो मूळ बदलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. तोच क्रमांक पुन्हा आला की काही न करता पहिलंच उत्तर परत देतो.

बटण एकदा दाबल्यावर निष्क्रिय करून हा प्रश्न सुटत नाही. तो उपाय दोनदा दाबणाऱ्या बोटावर आहे, हरवलेल्या पोचेवर नाही.

फक्त बदललेला डेटा कसा आणायचा? ‘शेवटची बदलाची वेळ’ ठेवली की झालं ना?

इथे थांबून नीट वाचा, कारण जवळपास प्रत्येक हाताने लिहिलेल्या सिंकमध्ये, म्हणजे फोन आणि सर्व्हरचा डेटा जुळवणाऱ्या कोडमध्ये, हा दोष असतो आणि तो महिनोन्महिने दिसत नाही.

पद्धत अशी असते. प्रत्येक ओळीला बदलाची वेळ. फोन म्हणतो, माझ्याकडे १० वाजून ५ सेकंदांपर्यंतचं आहे, पुढचं द्या. आता पोस्टग्रेसमध्ये चालू वेळ विचारली की ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ मिळते, संपल्याची नाही. समजा एक ट्रान्झॅक्शन ठीक १० वाजता सुरू झालं आणि ९ सेकंदांनी पूर्ण झालं. त्यातल्या ओळींवर वेळ पडली १०:००:००, पण त्या इतरांना दिसायला लागल्या १०:००:०९ ला. फोनने १०:००:०५ ला सिंक केलं तेव्हा त्या ओळी अदृश्य होत्या. पुढच्या वेळी तो १०:००:०५ नंतरचं मागतो. त्या ओळी त्याला कधीच मिळत नाहीत. एक फोन, दोन ओळी, कुठलीही एरर नाही, आणि वापरकर्ता म्हणतो ‘माझ्याकडे दिसत नाही हो’. तुम्ही सर्व्हरवर बघता तर नोंद जागेवर.

वेळेऐवजी चढता क्रमांक वापरून हे टळत नाही. क्रमांकही आधी घेतला जातो आणि ट्रान्झॅक्शन नंतर पूर्ण होतं.

खरे उपाय तीन. डेटाबेसच्या लॉगमधून बदल पूर्ण झाल्याच्या क्रमाने उचलायचे, आणि फोनला त्या लॉगमधलं स्थान द्यायचं. किंवा अजून चालू असलेल्या सगळ्यात जुन्या ट्रान्झॅक्शनच्या अलीकडचं काही द्यायचंच नाही. किंवा दरवेळी काही मिनिटं मागे जाऊन मागायचं आणि आधीच आलेल्या ओळी पुन्हा आल्या तरी बिघडणार नाही असं फोनवर लिहायचं. तिसरा उपाय गावठी आहे, पण लहान ॲपला पुरतो. फक्त तुमचं सगळ्यात लांबलेलं ट्रान्झॅक्शन त्या मिनिटांत बसतं ना, ते बघा.

जाता जाता, एकाच वेळेच्या शंभर ओळी असतील आणि पान पन्नास ओळींचं असेल तर नुसत्या वेळेवरून पुढचं पान मागता येत नाही. वेळ आणि क्रमांक अशी जोडी वापरा.

पुसलेल्या नोंदींचं काय?

ओळ खरोखर पुसली की ‘काय बदललं’ याच्या उत्तरात ती येणार कशी? म्हणून पुसल्याची खूण ठेवावी लागते. ती खूणही कायम ठेवता येत नाही, नाहीतर टेबलात मेलेल्याच ओळी जास्त होतात. मुदत ठरवा, समजा ९० दिवस. त्याहून जास्त दिवसांनी परतलेल्या फोनला हिशेब द्यायचा नाही, त्याला सगळा डेटा नव्याने उतरवून घ्यायला सांगायचं. पण त्याआधी त्याच्या ‘पाठवायचं’ टेबलातलं सगळं उचलून घ्या. हे राहून गेलं की माणसाचं काम वाया जातं.

दोघांनी एकच नोंद ऑफलाइन बदलली तर कोणाची खरी?

सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे ज्याचं लेखन शेवटी पोहोचलं त्याची. फायरस्टोअर ऑफलाइन लेखनांना हाच न्याय लावतं. बऱ्याच ठिकाणी तो चालतो. जिथे चालत नाही तिथे आधी एवढंच करून बघा: अख्खी नोंद पाठवण्याऐवजी बदललेले रकानेच पाठवा. एकाने पत्ता बदलला, दुसऱ्याने शेरा लिहिला, तर दोन्ही राहतात. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

शेवटचं कोण हे फोनच्या घड्याळावर ठरवू नका. फोनचं घड्याळ वापरकर्त्याच्या हातात असतं. कोणी तारीख पुढच्या वर्षाची लावली तर त्याचं लेखन वर्षभर सगळ्यांवर मात करत राहील. घड्याळावर विसंबण्याऐवजी घटनांचा क्रम मोजायची युक्ती लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडली होती. त्यातून साधा नियम निघतो. प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक द्या, फोनने ‘मी आवृत्ती ७ वर हा बदल केला’ असं सांगावं, सर्व्हरवर ८ असेल तर टक्कर झाली हे तेव्हाच कळतं.

आकड्यांच्या बाबतीत निकाल नका पाठवू, क्रिया पाठवा. ‘साठा आता १२’ असं दोन फोननी म्हटलं तर एकाची वजाबाकी हरवते. ‘साठ्यातून ३ कमी करा’ असं म्हटलं तर दोन्ही धरल्या जातात.

आपोआप जुळणाऱ्या रचनांचा सिद्धांत २०११ मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या नावाने बांधला. कोणत्याही क्रमाने बदल आले तरी सगळ्या प्रती शेवटी सारख्याच होतात, ही त्याची हमी. एकाच मजकुरात अनेकजण लिहिणार असतील तर ती वापरा. पण प्रती सारख्या होणं आणि बरोबर असणं वेगळं. एकच खोली एकाच वेळी दोघांनी आरक्षित केली तर सीआरडीटी दोन्ही आरक्षणं प्रेमाने सांभाळून ठेवेल. तिथे सर्व्हरने एकाला नाही म्हणावंच लागतं, आणि ॲपमध्ये ‘मंजुरीची वाट बघत आहे’ अशी अवस्था दाखवावी लागते.

मी नुकतीच जतन केलेली नोंद यादीत का दिसत नाही?

लेखन मुख्य प्रतीवर गेलं आणि वाचन मागे पडलेल्या रेप्लिकावरून, म्हणजे मुख्य प्रतीकडून बदल घेत राहणाऱ्या दुसऱ्या प्रतीवरून झालं. ज्याने आत्ताच लिहिलं त्याचं पुढचं वाचन थोडा वेळ मुख्य प्रतीवरून करा, किंवा लेखनाच्या उत्तरात लॉगचं स्थान द्या आणि रेप्लिका तिथवर आली की मगच वाचा. पडदा फोनमधल्या डेटाबेसवरून रंगवत असाल तर हा प्रश्न येतच नाही.

कॅप प्रमेय आमच्या ॲपला लागू होतं का?

हो, आणि फोनला तर सगळ्यात जास्त. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडलेलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेलं हे प्रमेय सांगतं की, जाळं तुटलेलं असताना सुसंगती (सगळीकडे तोच ताजा डेटा) किंवा उपलब्धता (प्रत्येक विनंतीला उत्तर) यांपैकी एकच पूर्णपणे पाळता येतं. डेटा सेंटरमध्ये जाळं क्वचित तुटतं. गुगलने तर स्पॅनर या आपल्या डेटाबेससाठी जीपीएस आणि अणुघड्याळं लावून जगभरच्या प्रतींचा क्रम एकसंध ठेवला. त्याचा शोधनिबंध २०१२ चा. खिशातला फोन मात्र रोज तुटतो. तुम्ही ऑफलाइन लेखन दिलं त्या क्षणी तुम्ही उपलब्धता निवडलीत. सर्व्हरवर कितीही कडक डेटाबेस ठेवला तरी फोनमधली प्रत शिळी असू शकते, हे मान्य करून चाला.

एसक्यूएल घ्यावं की नोएसक्यूएल?

नक्की माहीत नसेल तर एसक्यूएल. प्रश्न बदलतात, आणि बदललेल्या प्रश्नांना उत्तर देणं ही संबंधाधिष्ठित डेटाबेसची ताकद आहे. क्वेरी आधीपासून पक्क्या ठाऊक असतील आणि आकार प्रचंड असेल तर ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबीसारखी नोएसक्यूएल सेवा शोभते. तिथे डेटा किल्लीनुसार विभागांत वाटलेला असतो, एक नोंद ४०० केबीपर्यंतच आणि एका विभागावर सेकंदाला १,००० लेखन एककं एवढीच मर्यादा. आजची तारीख ही विभागाची किल्ली केली तर सगळं लेखन एकाच विभागावर आदळतं आणि बाकीचे रिकामे बसतात.

बिल अचानक का फुगतं?

बहुतेक वेळा वाचनामुळे. जिथे प्रत्येक नोंदीच्या वाचनाचे पैसे लागतात तिथे हजार नोंदींची यादी उघडली की हजार वाचनं झाली, मग पडद्यावर दहाच दिसोत. फायरस्टोअरमध्ये ‘पहिल्या ५०० सोडून पुढच्या २० द्या’ म्हटलं तर सोडलेल्या ५०० चेही पैसे पडतात. त्याऐवजी शेवटच्या नोंदीपासून पुढे मागा. आणि पडदा बंद झाल्यावर बदल ऐकणारा लिसनर काढायला विसरू नका. तो मागे चालूच राहतो, पैसे आणि बॅटरी दोन्ही खातो.

डेटा बदलला की फोनला लगेच कसं कळवायचं?

ॲप उघडं असताना उघडं कनेक्शन, बंद असताना ॲपल किंवा गुगलमार्फत जाणारी पुश सूचना. पुशमध्ये डेटा पाठवू नका, कारण ॲपल आणि गुगल दोघांकडेही त्याची मर्यादा ४ केबीच्या आसपास आहे आणि तो पोहोचेलच याची हमी नाही. ‘काहीतरी बदललंय’ एवढंच कळवा आणि सिंक चालवा. दर मिनिटाला विचारत राहणं २०१५ पासून, म्हणजे अँड्रॉइड ६ मध्ये डोझ ही बॅटरी वाचवणारी सोय आल्यापासून, तसंही चालत नाही. पडून राहिलेल्या फोनचं नेट प्रणालीच रोखून धरते.

रेप्लिका आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला?

चुकून चाललेली पुसण्याची आज्ञा रेप्लिकावरही तितक्याच तत्परतेने पोहोचते म्हणून. आणि बॅकअप आहे असं वाटणं हा बॅकअप नव्हे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची फोल्डर पुसली गेली. रोजचे बॅकअप आवृत्ती न जुळल्याने आधीपासूनच फसत होते, आणि तसं सांगणाऱ्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. वाचवलं ते दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने काढलेल्या स्नॅपशॉटने. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, त्यामुळे इतरांना शिकता आलं.

मोबाईलच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. सर्व्हर दोन तास मागच्या अवस्थेत आणला, पण फोन मागे गेलेले नाहीत. त्यांच्याकडे सर्व्हरला आता माहीतच नसलेल्या नोंदी आणि पुढचं सिंक स्थान आहे. म्हणून सर्व्हरच्या डेटाला एक ‘पिढी क्रमांक’ ठेवा. बॅकअपमधून परत आणलं की तो वाढवा, म्हणजे जुनी पिढी घेऊन आलेला फोन आपलं सिंक स्थान टाकून पहिल्यापासून जुळवणी करेल.

सेवाच बंद झाली तर?

झालेली आहे. मोबाईल ॲपसाठी लोकप्रिय असलेली पार्स ही सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली, जानेवारी २०१६ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि ३० जानेवारी २०१७ ला ती बंद झाली. सर्व्हरचा कोड खुला केला म्हणून अनेकांची सुटका झाली. मोंगोडीबीनेही रिअल्म या फोनवरच्या डेटाबेसवर आधारलेली आपली फोन-सिंक सेवा बंद करत असल्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे निवडताना डेटा कोणत्या स्वरूपात बाहेर काढता येतो ते पहिल्या दिवशीच करून बघा. आणि ॲपचा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनवर ठेवा, म्हणजे मागची सेवा बदलली तरी फोनमधलं ॲप बदलावं लागत नाही.

फोन हरवला तर त्यातल्या डेटाचं काय?

सर्व्हरवरून त्या फोनचं टोकन, म्हणजे लॉगिनची ओळख, रद्द करा आणि पुढच्या संपर्कात डेटा पुसायची सूचना ठेवा. पण तो फोन पुन्हा नेटवर आलाच नाही तर ही सूचना पोहोचत नाही. तिथे फक्त कूटबद्धता उपयोगी. नाजूक डेटा असेल तर स्थानिक डेटाबेस एसक्यूएलसायफरने कूटबद्ध करा आणि किल्ली अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये किंवा आयफोनच्या कीचेनमध्ये ठेवा, कोडमध्ये नाही. मुळात महिन्याभरापूर्वीचा जो डेटा त्या माणसाला लागत नाही, तो फोनवर ठेवूच नका.

‘पाठवायचं’ टेबलात अडकलेल्या नोंदी मात्र फोनबरोबर गेल्याच. ॲप काढून टाकलं तरी तेच होतं. त्यामुळे न गेलेल्या नोंदींचा आकडा सेटिंगच्या तळाशी लपवू नका. मुख्य पडद्यावर, ‘जतन’च्या शेजारी दिसू द्या.